अल्विना क्रेमर आणि एकतीस नंबर

एप्रिलच्या पहिल्या रविवारी चर्च सुटलं की होलबाख गावची बेसबॉलची पोरं घरी जेवायला न जाता सरळ अल्विना क्रेमरच्या गॅरेजसमोर रांग लावतात. शेहेचाळीस वर्षं हे असंच चाललंय. आत एका लांब टेबलावर शर्ट घड्या घालून मांडलेले असतात. लहान आकडे लहान मापाचे, मोठे आकडे मोठ्या मापाचे. एकेक जण पुढं येतो, अल्विना चष्म्यावरून त्याच्या खांद्यांकडं बघते आणि एक शर्ट उचलून हातात देते. मापाची फीत नाही, विचारपूस नाही, आणि आवडीचा आकडा मागायची तर कुणाची छातीच होत नाही. एकोणऐंशी साली एकानं सात नंबर मागितला होता. तिनं त्याला मुद्दाम सव्वीस दिला, आणि तो बिचारा अख्खा उन्हाळा ढगळ शर्टात बुजगावण्यासारखा खेळला. त्यानंतर कुणी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

बाई आता सत्तरीची आहे. हाडापेरानं मजबूत, बोलायला फटकळ, आणि कामाला वाघीण. सोमवारी सकाळी तिच्या मागच्या दोरीवर सगळे शर्ट फडफडताना दिसले की समजायचं, काल सामना झाला. गवताचा डाग, रक्ताचा डाग, तंबाखूच्या पिंकेचा डाग, कुणाला काय लागतं ते तिला पाठ. शर्ट बघून ती सांगते, हा बेसवर घसरून पोचला, आणि हा शहाणा सबंध सामन्यात जागचा हलला नाही.

रविवारी मैदानावर तिची घडीची खुर्ची एकाच जागी. उजव्या हाताला, पहिल्या बेसच्या मागं, कुंपणाला लागून. सगळं गाव मधल्या बाकांवर दाटीवाटीनं बसतं, तिथून खेळ चांगला दिसतो. ही मात्र एकटी तिकडं, जिथून पहिल्या बेसवर फेक झेलायला उभ्या असलेल्या माणसाची फक्त पाठ दिसते. गाव म्हणायचं, बाईला खेळाचं वेड आहे. वेड होतंच, पण ते खेळाचं नव्हतं.

तिचा नवरा नॉर्बर्ट पहिल्या बेसवर नऊ उन्हाळे खेळला. एकतीस नंबर. खरं सांगायचं तर खेळाडू म्हणून यथातथाच. चेंडू झेलायचा बरा, पण बॅट हातात घेतली की त्याच्या बापालासुद्धा दुसरीकडं बघावंसं वाटायचं. अल्विना बाकावरून ओरडून थकायची. शरीरानं मात्र दांडगा होता, आणि स्वभावानं इतका गरीब की आउट झाल्यावर पंचाचे आभार मानून यायचा. त्र्याऐंशीच्या ऑक्टोबरात मका काढताना उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि तो जागेवर गेला. अल्विना तेव्हा चौतिशीची होती. बाकी सगळे कपडे तिनं चर्चला देऊन टाकले. एकतीस नंबरचा शर्ट तेवढा आपल्या कपाटात, आपल्या कपड्यांमध्ये ठेवला.

पुढच्या एप्रिलात रांगेत डेलमार रोअरिंग उभा राहिला. वीस वर्षांचा, दाराला खांदे घासतील असा. टेबलावरचा सगळ्यात मोठा शर्ट त्याच्या दंडातच अडकला. मागं रांग ताटकळली, पोरं हसायला लागली, आणि तो तसाच अर्धा शर्ट डोक्यावर घेऊन उभा. अल्विना घरात गेली, माडीवर गेली, आणि एकतीस नंबर घेऊन खाली आली.

मेच्या पहिल्या सामन्यात ती खुर्चीत बसली आणि समोर बघितलं. पहिल्या बेसवर, गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला, डोक्याला टोपी, पाठीवर एकतीस. तोंड दिसत नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन ती सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

डेलमार एकोणीस उन्हाळे खेळला. त्याच्यामागं तो शर्ट शाळेतल्या एका मास्तरकडं गेला, मग त्याच्या पुतण्याकडं, आणि गेली तीन वर्षं अमादेओ फुएन्तेसकडं. अमादेओ मोठ्या गोठ्यावर कामाला आहे, मेक्सिकोहून आलेला. माणसं बदलली, पण खांदे तेवढेच लागायचे, म्हणून पाठ तीच राहिली. दर रविवारी दोन-अडीच तास अल्विनाचा नवरा तिला दिसायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? लोकांनी डॉक्टर बोलावला असता.

आणि मग या फेब्रुवारीत अर्बन लोशनं ती टूम काढली.

अर्बन म्हणजे आमच्या संघाचा अध्यक्ष, पशुखाद्याच्या गिरणीचा मॅनेजर. संघाची पाच जणांची समिती, अल्विना धरून, अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये बसली होती, बाहेर तळं अजून दगडासारखं गोठलेलं. कॉफी झाली आणि अर्बननं घसा साफ केला.

"मला वाटतं, आपण डेलमारचा एकतीस नंबर निवृत्त करावा. मोठी फळी रंगवू, मैदानाच्या कुंपणावर लावू. यापुढं होलबाखच्या कुठल्याही पाठीवर एकतीस चढायचा नाही."

आमच्या संघानं आजवर कुणाचाच नंबर निवृत्त केलेला नाही.

"एकोणीस उन्हाळे," अर्बन बोटांवर मोजत म्हणाला. "दोनशे सात होमरन, दोनशे सात चेंडू कुंपणापार! आणि माणूस कसा! दुधाचा टँकर घेऊन ज्या दारात गेला, तिथं हसवून आला. हरलो तरी बिअर पाजणार, जिंकलो तरी पाजणार. गावानं जीव टाकला त्याच्यावर."

"माणूस लाख आहे, कोण नाही म्हणतंय?" क्लेटस फानेनश्टाइन म्हणाला. क्लेटस जुना प्रशिक्षक, ऐंशीला टेकलेला, जगातल्या कुठल्याही गोष्टीला आधी नाही म्हणणारा. "पण खेळाडू म्हणून? अरे, त्या ताकदीच्या माणसानं तीनशे मारायला हवे होते, तीनशे! बॅट धरायची तऱ्हा आठवते का? कोपर आभाळाला! जसा काही फडताळावरचा डबा काढतोय. वर्षानुवर्षं सांगितलं, बाबा रे, कोपर खाली घे. ऐकेल तर शपथ."

"मग काय, फळी कोपराला लावायचीय का?" अर्बन म्हणाला.

"हस तू. आज याचा नंबर, उद्या त्याचा. शेवटी पोरांच्या पाठीवर शिवायला आकडेच उरायचे नाहीत. आणि नंबर चालता राहिला तर लोक म्हणतात, हा बघ, डेलमारच्या शर्टात खेळतोय. भिंतीवर टांगला की संपलं."

"आणि तसं बघितलं," अर्बन जरा आवाज खाली आणून म्हणाला, "सध्या तो नंबर काही आपल्या..."

"आपल्या कुणाच्या?" अल्विनानं विचारलं.

"तसं नव्हे गं."

"मग कसं? तो पोरगा पहाटे तीनला उठून तुझ्या मेव्हण्याच्या गोठ्यावर सातशे गायींच्या धारा काढतो, आणि दुपारी आपल्यासाठी खेळतो. आपला नाही म्हणे!"

अर्बन लाल झाला आणि कॉफी ढवळायला लागला. कॉफीत साखरही नव्हती. पण खरं सांगायचं तर अल्विना त्या पोरासाठी भांडत नव्हती. पाठीसाठी भांडत होती, आणि ते तिचं तिला चांगलं ठाऊक होतं.

मतं घेतली तर दोन बाजूनं, दोन विरुद्ध. सगळ्यांनी अल्विनाकडं बघितलं.

"पुढच्या रविवारी सांगते," ती म्हणाली आणि कोट चढवून निघाली.

आठवडाभर ती कुणावर ना कुणावर डाफरत होती. पोस्टमनला बोलली, मांजराला बोलली, मिनियापोलिसला लेकीला फोन करून उगाच बोलली. नाही म्हणावं, तर डेलमारला काय वाटेल? इतका सरळ माणूस, आजवर कुणाचं वाईट केलं नाही त्यानं. हो म्हणावं, तर नॉर्बर्ट गेला. पहिल्या वेळी निदान तिला कुणी विचारलं नव्हतं. आता तिनंच हात वर करायचा होता.

बुधवारी दुपारी दारात बूट आपटल्याचा आवाज आला. डेलमारच होता. पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेलं, एक गुडघा बदललेला, हातात हरणाच्या सॉसेजचं पुडकं.

"मी मत मागायला आलेलो नाही," तो दारातच म्हणाला.

"मग कशाला आलास?"

"मत मागायला."

तिला हसू आलं, आणि त्यामुळं जास्तच राग आला. तिनं कॉफी ओतली. टेबलावर केक होता. डेलमारनं केककडं बघितलं, मग खिडकीकडं.

"साखर वाढलीय ना तुझी? तो केक तुझ्यासाठी नाही."

"मी कुठं काय म्हणालो?" तो खुर्चीत जपून बसला. कप फिरवायला लागला. "लाज वाटते गं बोलायला. पण मला हवंय ते. लोक म्हणतात, डेलमारला काय, तो हसून सोडून देईल. नाही सोडत मी. लग्न झालं नाही, पोरंबाळं नाहीत. टँकर चालवला तीस वर्षं, आता तोही दुसरा चालवतो. मी गेल्यावर कुणीतरी कुंपणाकडं बघून विचारावं, हा कोण होता रे? बस्स, एवढंच."

अल्विना उभीच होती. ती समोर बसली.

"डेलमार, तुला एक सांगते. वाईट वाटलं तर उठून जा, मी अडवणार नाही. तुला वाटत असेल, ही बाई एकही सामना न चुकवता एकोणीस वर्षं मला बघायला आली. मी तुला बघायला येत नव्हते. तुझा एक होमरनसुद्धा मला आठवत नाही. तो शर्ट नॉर्बर्टचा होता. तू पाठमोरा उभा राहिलास की मला तो दिसायचा. तू वळलास की मी मान खाली घालायची. झालं? हे असं आहे. आणि आता तो शर्ट फळीवर गेला की..."

डेलमार कपातच बघत होता. "ठाऊक आहे," तो म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"सगळ्यांनाच ठाऊक आहे, अल्विना."

तिनं आपला कप दूर सारला.

"शहाऐंशीचा जुलै," डेलमार हळू हळू सांगायला लागला. "आल्बर्ग गावाशी सामना. शेवटचा डाव, माझे दोन चेंडू हुकलेले, मैदान गच्च भरलेलं. आणि तू ओरडलीस, 'नॉर्बर्ट, कोपर वर!' मोठ्यानं. असं चिडून, घरातल्या माणसावर ओरडतात तसं. सगळं मैदान चिडीचूप. सॉसेज भाजणारी माणसंसुद्धा थांबली. पंच बाहेरगावचा होता, तो मला विचारतो, तुझं नाव तर डेलमार ना?"

"मी?" अल्विना म्हणाली. "मी नाही ओरडले."

"ओरडलीस. तुला कळलंच नाही. तू तशीच बसून होतीस, आमच्याकडं बघत."

"मग?"

"मग काय? मी कोपर वर घेतलं."

"आणि?"

"तिसराही हुकला, आउट." तो हसला. "सामना हरलो. पण सामना सुटल्यावर कुणी काही बोललं नाही. अर्बनच्या बापानं सगळ्यांना बजावलं होतं, या गोष्टीचा एक शब्द जरी तिच्या कानावर गेला तर माझ्याशी गाठ आहे."

तेहेतीस वर्षं. ज्या गावात कुणाच्या घरी कढईत काय शिजतंय तेसुद्धा तासाभरात सगळीकडं होतं, त्या गावानं तेहेतीस वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं. दुकानात, चर्चमध्ये, त्या गॅरेजमधल्या रांगेत, तिच्या समोर उभं राहून.

"आणि ते कोपर?" तिनं विचारलं. "क्लेटस अजून त्या कोपरावरून बोंबलत असतो."

"ते मग तसंच ठेवलं."

"का पण?"

"तू बघत होतीस ना," डेलमार म्हणाला. "क्लेटसचं खरंय. कोपर वर घेऊन मला कधी धड जमलंच नाही. पन्नास-साठ होमरन तरी त्यानं खाल्ले असतील. पण खाली घेतलं असतं तर तुझ्या लक्षात आलं असतं, हा तो नव्हे म्हणून."

अल्विना उठली, नळाजवळ गेली, पाठ करून उभी राहिली आणि रडली. नवऱ्याच्या मातीला चारचौघांत रडली नव्हती, ते सगळं आता निघालं. डेलमारला रडणाऱ्या बाईचं काय करायचं ते कधीच ठाऊक नव्हतं. तो बसल्या जागी केकचे दोन तुकडे खाऊन मोकळा झाला.

जाताना दारात थांबून टोपी घालत म्हणाला, "तरी फळी मला हवीय हं. खोटं कशाला बोलू?"

"चालता हो," ती म्हणाली, आणि सॉसेज बर्फपेटीत ठेवायला वळली.

रविवारी समिती पुन्हा बसली. अर्बननं विचारायच्या आतच अल्विना बोलली.

"माझं मत बाजूनं. का ते सांगते, मग कुणी मला मधे बोलू नका. एकोणीस वर्षं त्या माणसानं तो शर्ट दुसऱ्याचा म्हणून घातला. कुणाचा ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे आता मलाही ठाऊक आहे, तेव्हा छताकडं बघायची गरज नाही. आता तो त्याचा होऊ दे. आणि क्लेटस, ते कोपर कुणासाठी वर होतं ते तुला तरी कळायला हवं होतं. त्या दिवशी तू मैदानात होतास."

क्लेटसनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "अरे देवा, ते कोपर," एवढंच म्हणाला. आणि आयुष्यात पहिल्यांदा बहुतेक, त्यानं मत बदलून हात वर केला.

"फळीवर खाली बारीक अक्षरात नॉर्बर्टचं नावही घालू," अर्बन म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"काही नको. नॉर्बर्ट उन्हाळ्यात पन्नासदा हुकायचा. उगाच त्याला वर चढवू नका, त्याला तिथं अवघडल्यासारखं होईल."

सगळे हसले. तीही हसली, पण घरी जाताना गाडी तिनं फार हळू चालवली.

एप्रिलच्या रांगेत अमादेओ आला तेव्हा तिनं त्याला तीस दिला. तो त्याला काखेत घट्ट झाला असता, म्हणून दोन्ही बाजूंची शिवण उसवून आत पट्ट्या लावल्या होत्या.

"मिसेस क्रेमर, एकतीस?" त्यानं विचारलं.

"कुंपणावर गेला."

"बरं," तो म्हणाला. शर्ट अंगात घालून त्यानं खांदे फिरवले आणि हसला. ती मागच्या माणसाच्या खांद्यांकडं बघायला लागली होती.

मेच्या पहिल्या रविवारी फळी लागली. निळ्यावर पांढरा एकतीस, खाली डेलमारचं नाव आणि वर्षं. डेलमारला माइक दिला. फळीकडं नुसता बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "वाईट नाही." आमच्याकडं याहून मोठं कौतुक नसतं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग तो आपली खुर्ची ओढत उजव्या हाताला, पहिल्या बेसच्या मागं आला आणि काही न विचारता अल्विनाच्या शेजारी बसला.

खेळ सुरू झाला. अल्विनानं सवयीनं समोर बघितलं. गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला एक माणूस, पाठीवर तीस. तिनं बघितलं, पुन्हा बघितलं, डोळे मिटून उघडून बघितलं. नॉर्बर्ट नव्हता. कुठंच नव्हता. तिच्या छातीत असं रितं झालं की तिला वाटलं, उठावं आणि घरी जावं. पण डेलमार शेजारी होता, त्याच्या मोठ्या दिवसाचा अपमान झाला असता. म्हणून ती बसून राहिली, आणि दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं म्हणून जो होता त्याच्याकडं बघत राहिली.

पोरगा एकसारखा बोलत होता. बेसवर आलेल्या दुसऱ्या संघाच्या माणसाशीसुद्धा काहीतरी बोलून त्यानं त्याला हसवलं. प्रत्येक चेंडूआधी बुटानं माती दोनदा सारखी करायचा. मग लांबून एक फेक आली, जरा वाकडी, आणि त्यानं अंग ताणून ती उजव्या हातमोज्यात अलगद घेतली आणि डाव्या हातानं विजेसारखी पलीकडं फेकली.

अल्विना खुर्चीत पुढं सरकली.

"अगं बाई! हा डावखुरा आहे!"

डेलमारनं तिच्याकडं बघितलं. तो हसला नाही.

"तीन वर्षं झाली, अल्विना."

"तीन वर्षं त्याचा शर्ट धुतेय मी," ती म्हणाली.